वीस हजारांचा परगणा

खानेसुमारीचे तक्ते आवडीने वाचणाऱ्या मनुष्याविषयी लोकांस बहुधा थोडी कीव वाटते. वाचावयाचेच तर कादंबरी वाचावी, नाटक वाचावे, निदान एखादे प्रवासवर्णन तरी वाचावे. ते सोडून हा गृहस्थ आकड्यांचे रकाने चाळीत बसतो, याचे नवल वाटणे साहजिकच आहे. आम्ही मात्र या छंदाची लाज बाळगणे केव्हाच सोडून दिले आहे. एखाद्या मुलखाची दर दहा वर्षांची लोकसंख्या एकाखाली एक मांडून पाहावी; तीत जन्म, मृत्यू, सुकाळ, दुष्काळ, आगगाडी, कारखाना, देशांतर हे सारे येऊन गेलेले असते. फक्त ते आपण होऊन बोलत नाही, त्यास बोलते करावे लागते. आणि आमचा अनुभव असा की, ज्या रकान्यात आकडा वर्षानुवर्षे जागचा हललेला दिसत नाही, तेथेच पुष्कळदा सर्वांत मोठी उलथापालथ दडलेली असते. अशाच एका स्तब्ध आकड्याची हकीकत आज वाचकांपुढे मांडावयाची आहे. आकडा आहे वीस हजारांचा, मुलूख अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागातील आयोवा राज्याचा, आणि परगण्याचे नाव ब्यूना व्हिस्टा.

आयोवा हे नाव मराठी वाचकास अगदीच परके नाही. वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली निघालेले पुस्तक ज्या घरांतून वाचले गेले, त्या घरांतील मुलांसही ते ठाऊक आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचे उच्च शिक्षण याच राज्यात झाले आणि येथूनच ते १८९६ साली टस्कीगीस गेले. त्याच्याही आधी, म्हणजे १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी आपल्या अमेरिकेतील वास्तव्याचे फळ 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' या ग्रंथाच्या रूपाने मराठी वाचकांस दिले. त्यांनी योजिलेला 'लोकस्थिती' हा शब्द आम्हांस फार मोलाचा वाटतो. लोकसंख्या मोजता येते. लोकस्थिती मोजून संपत नाही. माणसे किती, हे पहिलीने कळते. ती कोण, कोठून आली, काय करतात, एकमेकांस काय समजतात, हे दुसरीने कळते. ब्यूना व्हिस्टा परगण्याची गंमत अशी की, तेथील लोकसंख्या ऐंशी वर्षे जवळजवळ तीच राहिली आणि लोकस्थिती ओळखू येणार नाही इतकी पालटली.

प्रथम भूमीची ओळख करून घेऊ. परगणा, म्हणजे तिकडे ज्यास कौंटी म्हणतात तो, राज्याखालचा कारभाराचा घटक होय. आयोवात असे नव्व्याण्णव परगणे आहेत. १७८५ सालच्या कायद्याने अमेरिकेतील नव्या मुलखाची मोजणी चौकोनी पद्धतीने करावयाचे ठरले होते. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद अशी एक टाउनशिप. तिचे छत्तीस चौकोन, प्रत्येक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. आणि त्याचा चतुर्थांश, म्हणजे १६० एकर, ही एका कुटुंबाला पुरेल अशा शेताची तेव्हाची कल्पना. अशा सोळा टाउनशिपा चारचारांच्या ओळींत मांडल्या म्हणजे ब्यूना व्हिस्टा परगणा होतो: चोवीस मैल लांब, जवळजवळ तितकाच रुंद, बुद्धिबळाच्या पटासारखा. नदी, डोंगर, जुनी पायवाट, देवस्थान यांच्या अनुरोधाने ज्यांच्या गावांच्या शिवा ठरल्या त्या आपल्यासारख्यांस हा पट विचित्र वाटतो. विस्तार आपल्याकडील तालुक्याएवढा, आणि वस्ती मात्र आपल्या एखाद्या मोठ्या गावाइतकी!

परगण्याचे नाव पाहावे तो त्याहून विचित्र. ब्वेना व्हिस्ता हे शब्द स्पॅनिश भाषेतील; अर्थ 'सुंदर देखावा'. परंतु ज्या सपाट, ओलसर गवताळ मुलखास हे नाव मिळाले, त्याच्या देखाव्याशी नावाचा काही संबंध नव्हता. १८४७ सालच्या फेब्रुवारीत अमेरिका व मेक्सिको यांच्या युद्धात ब्वेना व्हिस्ता या मेक्सिकोतील ठिकाणी लढाई झाली आणि जनरल टेलर यांच्या सैन्याने ती जिंकल्याचा डंका अमेरिकेत वाजला. पुढील साली तह झाला आणि मेक्सिकोचा फार मोठा मुलूख अमेरिकेकडे गेला. विजयाचा हा कैफ ताजा असताना, १८५१ साली, आयोवाच्या विधिमंडळाने वायव्येकडील ओसाड वाटणाऱ्या मुलखाचे परगणे कागदावर आखले आणि त्यांतील तिघांस मेक्सिकोतील लढायांची नावे दिली: पालो आल्टो, सेरो गॉर्डो आणि ब्यूना व्हिस्टा. मुलूख ओसाड होता असे म्हणणे खरे नव्हे. डकोटा लोकांचा वावर तेथे होता, आणि राज्याचे आयोवा हे नावच मुळी एका मूळच्या जमातीचे आहे. परंतु ज्यांच्या भूमीवर रेघा ओढावयाच्या त्यांची नावे राज्यास द्यावयाची आणि त्यांस मात्र पश्चिमेस लोटावयाचे, ही त्या काळची रीत होती. नव्या रहिवाशांनी शत्रूच्या भाषेतील हे नाव घेतले खरे, पण उच्चार आपल्या जिभेच्या सोयीचा केला. म्हणून 'ब्वेना' जाऊन 'ब्यूना' आले. ज्यांच्या पराभवाची आठवण म्हणून हे नाव ठेवले, त्यांचे वंशज एक दिवस येथे राहावयास येतील आणि ते नाव बिनचूक उच्चारतील, हे त्या विधिमंडळातील कोणाच्या स्वप्नीही आले नसेल.

आता तो रकाना पाहू. १८६० साली या सबंध परगण्यात मोजून सत्तावन्न माणसे होती. १८७० साली आगगाडी आली आणि त्या साली गणना १,५८५ भरली. पुढे दहा वर्षांत ७,५३७. आणखी दहांत १३,५४८. आणि १९०० साली १६,९७५. चाळीस वर्षांत सत्तावन्नांचे सतरा हजार! हे लोक स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी या देशांतून आले, तसेच अमेरिकेच्या पूर्वेकडील राज्यांतूनही आले. त्यांनी दलदलीच्या जमिनीखाली मातीचे नळ पुरून पाणी काढून दिले, गवताच्या जागी मका पेरला, आपापल्या भाषेतील उपासनेची मंदिरे बांधली आणि स्टॉर्म लेक या उथळ, विस्तीर्ण तळ्याच्या काठी त्याच नावाचे शहर वसविले. परगण्याचे ठाणे १८७८ साली तेथे आले आणि १८९१ साली तेथे एक कॉलेजही निघाले. गावांची नावे ठेवण्यात या मंडळींचा हात मोकळा होता. एका गावाचे नाव मॅरेथॉन, तर दुसऱ्याचे रेम्ब्रांट.

या जुन्या वसाहतवाल्यांविषयी सांप्रत असे बोलण्यात येते की, ते आले आणि लागलीच अमेरिकन झाले. इतिहास तसे सांगत नाही. १९१८ सालच्या मे महिन्यात, महायुद्ध चालू असता, आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी एक जाहीरनामा काढला. शाळेत, आगगाडीत, सार्वजनिक ठिकाणी, टेलिफोनवर, इतकेच काय पण प्रार्थनामंदिरातसुद्धा, इंग्रजीवाचून दुसरी भाषा वापरू नये. ज्यास इंग्रजी येत नसेल त्याने देवाची प्रार्थना आपल्या घरी करावी, असा त्याचा मतलब. रोख मुख्यतः जर्मनांवर होता, पण डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश बोलणारेही त्यात सापडले. युद्ध संपताच डिसेंबरात तो जाहीरनामा मागे घेण्यात आला. परंतु वीसतीस वर्षे जमीन कसून झाल्यावर ज्या म्हाताऱ्या बाईस टेलिफोनवर बहिणीशी आपल्या भाषेत बोलण्याची चोरी झाली असेल, तिला आपण या मुलखाचे आहोत की नाही असा प्रश्न पडला असल्यास नवल नाही. आज तिचीच नातवंडे-पतवंडे 'जुने रहिवासी' म्हणून ओळखली जातात. जुना आणि उपरा यांतील अंतर पुष्कळदा दोन पिढ्यांचेच असते; पण दुसरी पिढी पहिलीचे हाल विसरते, म्हणून ते अंतर युगाचे वाटू लागते.

१९४० साली गणना १९,८३८ झाली, १९५० साली २१,११३, आणि तेथून पुढे आकडा जणू थिजला. १९७० साली २०,६९३. १९९० साली १९,९६५. २००० साली २०,४११. २०१० साली २०,२६०. २०२० साली २०,८२३. उतावळा वाचक म्हणेल, येथे काही घडलेच नाही. त्यास आम्ही शेजारचा रकाना दाखवू. पूर्वेस लागून पोकाहोन्टस नावाचा परगणा आहे. माती तीच, हवा तीच, आकारही जवळजवळ तोच. १९४० साली तेथे सोळा हजारांवर लोक होते. २०२० साली ७,०७८ उरले. आयोवातील पुष्कळशा शेतकरी परगण्यांची ही गत झाली आहे. मग ब्यूना व्हिस्टाचा आकडा टिकला कसा, हाच खरा प्रश्न होय.

लोक का गेले याचे उत्तर सोपे आहे. घोड्याच्या जागी ट्रॅक्टर आला, संकरित मक्याचे बी आले, खते आली, आणि ज्या कामास पूर्वी बाप, तीन मुलगे व एक गडी लागत, ते काम एक मनुष्य करू लागला. मग एकाने शेजाऱ्याचे शेत घेतले, त्याच्या मुलाने आणखी एक घेतले. आज आयोवातील शेत सरासरीने साडेतीनशे एकरांच्या आसपास आहे. तळे आणि गावठाणे सोडून न देता नुसता कागदावरचा हिशोब केला, तर १६० एकरांच्या मानाने ब्यूना व्हिस्टाच्या पटावर २,३०४ शेते बसतात. साडेतीनशेच्या मानाने हजाराच्या थोडी वर. प्रत्येक नाहीशा झालेल्या शेताबरोबर एक घर गेले, शाळेतील तीन-चार मुले गेली, दुकानाचे एक गिऱ्हाईक गेले, प्रार्थनामंदिरातील एक बाक रिकामा झाला. १९८० नंतरच्या दशकात कर्ज महाग झाले, जमिनीचे भाव कोसळले, आणि जे कसेबसे तग धरून होते त्यांपैकीही पुष्कळजण मोडले. जमीन मात्र पडीत राहिली नाही. ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पिकू लागली. शेत भरभराटीस आले आणि गाव ओसाड पडले, हे आपल्याकडच्या दुष्काळी मुलखाच्या अनुभवाच्या अगदी उलटे दृश्य तेथे दिसते. मॅरेथॉन या गावात २०२० साली अडीचशेदेखील माणसे नव्हती.

आकडा टिकला तो स्टॉर्म लेक शहरामुळे, आणि शहर टिकले ते मांसाच्या कारखान्यांमुळे. आयोवात माणसांच्या सातपट डुकरे आहेत. ती कापून, सोलून, खोक्यांत भरून देशोदेशी पाठविणे हा तेथील मोठा धंदा. स्टॉर्म लेक येथील जुना कारखाना १९८१ साली बंद पडला. त्यातील कामगार बहुतेक स्थानिक, संघटित, आणि त्यांच्या मजुरीवर घर, मोटार, मुलांचे शिक्षण हे सारे निभत असे. १९८२ साली आयबीपी या मोठ्या कंपनीने तोच कारखाना पुन्हा चालू केला. काम अधिक झपाट्याचे, मजुरी पुष्कळ कमी, आणि कामगारसंघाला थारा नाही. या कंपनीचा जन्मही आयोवातलाच. कसबी खाटकाचे काम लहान लहान हालचालींत वाटून द्यावयाचे, म्हणजे प्रत्येक मनुष्य दिवसभर एकच काप घेत राहील, आणि तो काप शिकावयास फार दिवस लागणार नाहीत, ही तिची युक्ती. तिच्यामुळे मांस स्वस्त झाले आणि कसब निरुपयोगी ठरले. गावच्या तरुणांनी या कामाकडे पाठ फिरविली, तेव्हा कारखान्याने लांबून माणसे आणण्यास आरंभ केला. पुढे २००१ साली ही कंपनी टायसन कंपनीने विकत घेतली.

जे आले त्यांची हकीकत ऐकण्यासारखी आहे. पहिले आले ते लाओसमधील लोक आणि ताई दाम. ताई दाम हे मूळचे व्हिएतनामच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखाचे. १९५४ साली फ्रेंचांचा पराभव झाल्यावर ते लाओसात गेले आणि १९७५ साली तेथूनही पळून थायलंडच्या छावण्यांत आले. आपली जमात फुटू नये, सर्वांस एके ठिकाणी थारा मिळावा, अशी त्यांची विनंती होती. ती मान्य करणारे आयोवाचे गव्हर्नर रॉबर्ट रे होते. साठ वर्षांच्या आत त्याच खुर्चीवरील दोन पुरुषांनी परक्यांशी किती भिन्न रीतीने वागावे, हे पाहिले म्हणजे एखाद्या मुलखाचा स्वभाव ठरीव असतो, या समजुतीवरचा आमचा विश्वास डळमळतो. नंतर, विशेषतः १९९० नंतर, मेक्सिकोतून आणि मध्य अमेरिकेतून लोक आले. त्यानंतर प्रशांत महासागरातील मायक्रोनेशियाच्या बेटांवरून आले. आफ्रिकेतूनही काही आले. १९०० साली स्टॉर्म लेक शहरात परगण्यातील दर सात-आठ माणसांपैकी एक राहत असे. २०२० साली २०,८२३ पैकी ११,२६९, म्हणजे निम्म्याहून अधिक, लोक तेथे होते. परगण्यातील सुमारे चौथा हिस्सा लोक स्पॅनिशभाषी वंशाचे झाले आणि शहरात हे प्रमाण त्याहून अधिक. वीस हजारांचा आकडा कायम राहिला. पण ती माणसे शेतातून शहरात गेली, नांगरावरून सुरीवर आली, आणि बरीचशी तर निराळीच माणसे होती.

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे आम्ही म्हणणार नाही. १९९६ साली सरकारी अंमलदारांनी कारखान्यावर छापा घातला आणि कागदपत्रे नसलेल्या कामगारांस पकडून नेले. २००२ साली इंग्रजी हीच राज्याची अधिकृत भाषा होय असा कायदा झाला. त्या कायद्याचे पुरस्कर्ते स्टीव्ह किंग हे पुढे २००३ ते २०२१ पर्यंत त्या भागाचे प्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसले, आणि परदेशांतून होणाऱ्या आगमनास कडवा विरोध हीच त्यांची मुख्य ओळख होती. जुन्या रहिवाशांच्या तक्रारी सगळ्याच द्वेषाच्या होत्या असेही नाही. ज्याची चांगल्या मजुरीची नोकरी १९८१ साली गेली आणि ज्याने तीच जागा एका वर्षाने कमी मजुरीवर दुसऱ्यास मिळालेली पाहिली, त्याचा राग समजण्यासारखा आहे. फक्त तो राग भलतीकडे वळला. मजुरी कमी केली तेव्हा मेक्सिकोचा मनुष्य तेथे आलाही नव्हता; तो आला तेव्हा ती कमी झालेलीच होती. परंतु कंपनीचे मुख्य ठाणे दूर असते आणि शेजारी समोर असतो. राग जवळच्यावर काढणे सोपे जाते, हा अनुभव सर्व देशांतील आहे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. आपल्या साडेतीनशे एकरांच्या मध्ये एकटा राहणारा शेतकरी स्वतःस या सगळ्या घडामोडींपासून अलिप्त समजतो. परंतु त्याचा मका डुकरांच्या पोटात जातो आणि डुकरे कारखान्यात जातात. तेथील कापणाऱ्या हातांवाचून त्याच्या मक्याची किंमत निम्मीही राहील की नाही, याची आम्हांस शंका आहे. पेरणारा आणि कापणारा यांची गाठ कदाचित कधी पडत नसेल. तथापि ते एकाच दोराची दोन टोके धरून उभे आहेत.

हे जगासमोर ठळकपणे आले ते २०२० सालच्या साथीत. कारखान्यात माणसे खांद्याला खांदा लावून उभी राहतात. रोग अशी जागा सोडतो थोडाच! एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेच्या अध्यक्षांनी मांसाचे कारखाने राष्ट्रास अत्यावश्यक असल्याचे सांगून ते चालू राहावेत असा हुकूम काढला, आणि मे महिन्याच्या अखेरीपर्यंत एकट्या स्टॉर्म लेकच्या कारखान्यात पाचशेंहून अधिक कामगारांस लागण झाल्याचे आढळले. काही दिवस कारखाना थांबवावा लागला. ज्यांच्यावाचून देशाचे एक दिवस चालत नाही असे सरकारनेच शिक्कामोर्तब केले, त्यांतील काहींचा त्या देशात राहण्याचा हक्क तेच सरकार मान्य करीत नव्हते. या विसंगतीवर आम्ही निराळे भाष्य करू इच्छीत नाही. योगायोग असा की, १ एप्रिल २०२० हाच त्या सालच्या खानेसुमारीचा दिवस होता. माणसे मोजली जात होती आणि त्याच आठवड्यांत आजारी पडत होती.

मग या परगण्यास आपल्या स्थितीचे भान आहे की नाही? आहे, आणि त्याचा पुरावा एका छोट्या वर्तमानपत्रात मिळतो. 'स्टॉर्म लेक टाइम्स' हे तेव्हा आठवड्यातून दोनदा निघणारे, सुमारे तीन हजार प्रतींचे पत्र. २०१५ साली डे मॉइन शहराच्या पाणीखात्याने ब्यूना व्हिस्टा आणि शेजारचे दोन परगणे यांच्यावर फिर्याद केली. शेतांखालील त्याच जुन्या नळांतून खताचे नायट्रेट रकून नदीत येते आणि खालच्या शहराच्या पिण्याच्या पाण्यात उतरते, असा आरोप होता. २०१७ साली न्यायालयाने ती फिर्याद काढून टाकली. परंतु दरम्यान परगण्यांच्या बचावाचा खर्च कोण देत आहे, हे लोकांस सांगा, असे या पत्राचे संपादक आर्ट कलन सातत्याने लिहीत राहिले. ज्या शेतकऱ्यांच्या वर्गणीवर पत्र चालावयाचे त्यांनाच न रुचणारी ही बाजू. त्या अग्रलेखांस १९१७ सालापासून देण्यात येत असलेले पुलित्झर पारितोषिक २०१७ साली मिळाले. नव्या लोकांविषयीही कलन यांनी असेच निर्भीडपणे लिहिले: हे नसते तर आपले शहर शेजारच्या गावांसारखे विझले असते. आम्ही पुष्कळ वर्तमानपत्रे वाचतो. वाचकास आवडणार नाही ते वाचकाच्याच हितासाठी सांगणारी त्यांत फार थोडी असतात.

एखाद्या गावाचा पुढचा काळ ओळखावयाचा असेल तर आम्ही प्रथम तेथील शाळेची चौकशी करतो. आयोवाच्या ग्रामीण भागात दोन-तीन गावांच्या शाळा एकत्र करणे, पुढे त्याही बंद करणे, हे नित्याचे झाले आहे. स्टॉर्म लेक येथे उलट शाळेच्या इमारती वाढवाव्या लागल्या. वर्गांतील बहुसंख्य मुले अशा घरांतील आहेत, जेथे आजीची भाषा इंग्रजी नाही. ही मुले दुपारी आईबरोबर दवाखान्यात जातात आणि डॉक्टरांचे बोलणे तिला आपल्या भाषेत समजावून सांगतात. शिकून ती कारखान्यात जाऊ इच्छीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. जुन्या शेतकऱ्यांची मुले जशी शिकागो, मिनिआपोलिस, डे मॉइन येथे गेली, तशीच हीही जातील काय? गेली तर परगण्यास पुन्हा नवे उपरे शोधावे लागतील. राहिली तर त्यांतून शिक्षक, वकील, दुकानदार, कदाचित परगण्याचे कारभारी निघतील. आमच्या मते या परगण्याची खरी कसोटी येथे आहे. हात म्हणून माणसे बोलावणे फार कठीण नाही, मजुरीची जाहिरात पुरते. त्यांच्या मुलांस येथेच राहावेसे वाटेल असे घर करून देणे कठीण. आणि ते कारखान्याच्या हातचे काम नव्हे. ते शेजाऱ्यांनाच करावे लागते, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात होत नाही.

अमेरिकेत असा नियम आहे की, खानेसुमारीतील माणसांची नावे बहात्तर वर्षे गुप्त ठेवावयाची. तोवर फक्त आकडे प्रसिद्ध व्हावयाचे. १९५० सालची नावे २०२२ साली खुली झाली. त्या साली परगण्यात २१,११३ लोक होते, आणि त्या याद्या कोणी उघडल्या तर त्यांत अँडरसन, ख्रिस्तेन्सन, मायर अशा नावांची रांग लागावी हे ओघानेच आले. २०२० सालच्या याद्या २०९२ साली खुल्या होतील. तेव्हा त्या उघडणारा मनुष्य बहुधा त्याच परगण्यात जन्मलेला कोणी असेल, आपल्या पणजोबांचे नाव शोधीत असेल. त्यास मायर आणि मार्टिनेझ ही नावे एकाच पानावर एकाखाली एक लिहिलेली सापडतील. त्याचे स्वतःचे आडनाव त्यांपैकी कोणते असेल, आणि आपल्या परगण्याचे नाव तो 'ब्यूना' असे उच्चारीत असेल की 'ब्वेना', हे आज सांगता येणार नाही. त्या पानावरील दोन्ही घराण्यांस तो आपलीच माणसे म्हणू शकला, तर वीस हजारांचा तो आकडा इतकी वर्षे टिकला याचे चीज झाले असे म्हणता येईल.